जोडीचा फोटो

नोव्हेंबर उजाडला की माझ्या ऑफिसात म्हाताऱ्या माणसांची रीघ लागते. पेन्शन चालू ठेवायची तर हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि हल्ली तो मोबाईलवरच देता येतो. मोबाईलसमोर बसायचं, डोळे मिचकावायचे, की सरकारला पटतं, हा माणूस अजून आहे. ते काही वकिलाचं काम नव्हे, पण ज्यांच्या पेन्शनीसाठी मी कोर्टात भांडले ती माणसं दाखल्यालाही माझ्याकडेच येतात. कुणी डोळे मिचकावायचे सोडून तोंड उघडतं, कुणी मोबाईललाच हात जोडतं. आम्ही सगळे हसतो. पण मला त्या वेळी एक जुनी गोष्ट आठवते, ती मी त्यांना सांगत नाही. आमच्या विंझरच्या घरात एक मेलेला माणूस माझ्या जन्माआधीपासून सरकारदरबारी जिवंत होता, आणि त्याला जिवंत ठेवायचं काम आम्ही सगळं घर मिळून करत होतो.

तो माणूस म्हणजे माझे थोरले चुलते, शंकर. आम्ही पोरं त्यांना तात्या म्हणायचो, पण मी त्यांना पाहिलेलं नाही. तात्या रस्त्यावर मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचा एक तुकडा ज्याच्या अंगावर सोपवलेला असतो तो माणूस. खड्डे भरायचे, कडेचं गवत कापायचं, पावसाळ्यात दरड आली की दगड बाजूला सारायचे आणि वर्षभर खडी पसरायची. नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याचा आमच्या गावाजवळचा तुकडा तात्यांकडे होता. ते नोकरीत कायम झाले होते, त्यांना पितळी बिल्ला मिळाला होता, आणि त्या बिल्ल्याचा आमच्या आळीत मोठा तोरा होता. मग ऐन लावणीत तात्यांना ताप आला आणि त्यातच ते गेले.

पुढे जे झालं ते परक्या माणसाला समजावून सांगताना माझी फार दमछाक होते, आणि मी तर बोलण्याचंच खाते. आमच्याकडे भाताची लावणी सावडीवर चालते. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. सावडीला प्रत्येक घरातून एक माणूस जायचा, एवढंच ठरलेलं असतं. तो थोरला की धाकटा, बाप की लेक, हे कुणी विचारत नाही. माणूस आला म्हणजे घर आलं. तात्यांचं दहावं उरकलं आणि रामभाऊ मुकादम दारात येऊन बसला. रस्त्यावरच्या टोळीचा तो म्होरक्या, तात्यांचा दोस्त. त्याने बिल्ला माझ्या वडिलांपुढे सरकवला आणि सांगितलं की उद्या हा बिल्ला रस्त्यावर दिसला नाही तर दुसऱ्या गावचा माणूस भरतील. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बिल्ला सदऱ्याला लावला, फावडं उचललं आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गेले. आबांचं नाव बबन. हजेरीला रामभाऊने हाक मारली ‘शंकर’, आणि आबांनी ‘जी’ म्हटलं. आपण काही खोटं करतो आहोत असं त्या सकाळी कुणाच्याही मनाला शिवलं नाही. घरातला एक माणूस गेला होता, घरातला दुसरा उभा राहिला. कायद्याच्या पुस्तकात याला तोतयेगिरी म्हणतात हे मी पुढे शिकले, तेव्हा वर्गात मी पुस्तक मिटून टाकलं होतं.

भीती घरात आली ती नंतर, आणि तीही रामभाऊच घेऊन आला. कुठल्याशा दुसऱ्या रस्त्यावर असाच एक जण सापडला आणि त्याला बेड्या घालून नेलं, असं त्याच्या कानावर आलं होतं. खरं की खोटं, देव जाणे. रामभाऊ भ्याला, आणि भ्यालेला माणूस दुसऱ्याला भिववल्याशिवाय राहत नाही. त्याने येऊन आबांना, माझ्या आईला आणि तात्यांच्या बायकोला समोर बसवलं. तिला आम्ही थोरली आई म्हणायचो. तिचं नाव सोनाबाई. “कागदावर शंकरची बायकू सोनाबाई लिवलीया,” रामभाऊ म्हणाला. “उद्या सायेब दारात आला आन् ही पांढऱ्या कपाळानं दिसली, तर समदं घर आत जाईल.”

थोरल्या आईच्या बांगड्या फुटल्या होत्या, कपाळ पुसलं होतं, गळा मोकळा झाला होता. गावासमोर तिला तसंच राहायचं होतं. आणि साहेब आला तर सवाष्ण दिसायचं होतं. गावाची भीती नव्हती. गावाला सगळं ठाऊक होतं, आणि सावडीच्या गावात कुणी कुणाच्या चुलीत पाणी ओतत नाही. भीती होती ती जीपची, कारण साहेब जीपने येत.

माझं बालपण म्हणजे त्या जीपचा आवाज. आमचं घर रस्त्याला लागूनच. एसटी चढाला लागली की खोकायची, भाजीच्या टेम्पोचा मागचा पत्रा खडखडायचा, आणि जीप मात्र गुरगुरत यायची. बोलायला लागायच्या आधी हे तीन आवाज मला ओळखू येत असावेत. जीप वळणावर गुरगुरली की घरातलं सगळं जिथल्या तिथे थांबायचं. आईच्या हातातली नाचणीची भाकरी तव्यावर तशीच करपायची. थोरली आई ओसरीवर तांदूळ पाखडत असली तर सूप टाकून आत पळायची. आतल्या खोलीत कोनाड्यात आईचा कुंकवाचा करंडा असायचा. आधी मेण लावायचं आणि त्यावर कुंकू, ही रीत. पण जीप काही मेणासाठी थांबत नाही. ती तसंच कोरडं कुंकू बोटाने टेकवायची, मग ते नाकावर सांडायचं. कोनाड्यात एक काळी पोतही ठेवलेली असायची, ती गळ्यात अडकवायची. आणि मग भिंतीला पाठ लावून ती उभी राहायची. जीप पुढे निघून जायची. नेहमी पुढेच निघून जायची. आवाज मावळला की ती पदराने कपाळ पुसून बाहेर यायची आणि पुन्हा सूप हातात घ्यायची. मी लहान असताना मला तो एक खेळच वाटायचा. एकदा मी जीप आल्यावर माझ्या कपाळालाही कुंकू फासून घेतलं आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. तिने माझा खांदा घट्ट धरला आणि जीप जाईपर्यंत सोडला नाही. त्या दिवसापासून मला तो खेळ वाटेनासा झाला.

आम्हा पोरांना एकच शिकवण होती. अनोळखी माणसाने नाव विचारलं तर नुसतं ‘मंगल’ म्हणायचं, बापाचं नाव घ्यायचं नाही. कोर्टात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा न्यायाधीशांनी पूर्ण नाव विचारलं आणि मी ‘मंगल’ म्हणून गप्प झाले. त्यांना वाटलं, नवीन पोरगी बावरली आहे. बावरले होतेच, पण त्यांना वाटलं त्या कारणाने नाही.

तरीही ते घर उदास नव्हतं, हेही सांगायला हवं. आई आणि थोरली आई, दोघी जावा असून त्यांच्यात जावाजावांचं काही नव्हतं. थोरलीला मूलबाळ नव्हतं, आणि आम्ही पोरं तिच्याच मांडीवर वाढलो. थंडीत ती हुलग्याचं माडगं करायची, त्यात लसूण ठेचून घालायची, आणि वाटी हातात देताना फुंकर मारून द्यायची, आम्ही घोडे झालो तरी. पावसाळ्यात आबा रस्त्याच्या कडेच्या ओढ्यातून खेकडे धरून आणत. त्याचा रस्सा शिजत असला की आळीतली पोरं काहीतरी निमित्त काढून आमच्या ओसरीवर येत. आबा जेवताना रस्त्याच्या गोष्टी सांगत, कुठे दरड आली, कुठल्या एसटीचं चाक कुठे रुतलं. मात्र मधूनच कुत्रं भुंकलं तर त्यांचा घास हातातच थांबायचा. आबांना कुणी भित्रा म्हटलं असतं तर मी भांडले असते, कारण दरडीखाली शिरून दगड ओढणारा तो माणूस होता. पण स्वतःच्या नावाला ते घाबरत. यात्रेत कुणी मागून ‘बबन’ अशी हाक मारली की ते आधी आजूबाजूला बघत आणि मग ओ देत.

मी भोरच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा आबांची निवृत्ती जवळ आली. खरं तर आबांच्या अंगात अजून बरीच वर्षं राबायची ताकद होती. पण वय तात्यांचं मोजलं जात होतं, आणि तात्या थोरले. मेलेल्या भावाच्या वयाने आबा म्हातारे झाले. रामभाऊ मुकादम तोवर वारला होता, त्यामुळे धीर द्यायलाही कुणी नव्हतं आणि भिववायलाही. एका संध्याकाळी आबा रस्त्यावरून आले, पाय न धुताच ओसरीवर बसले आणि आईला म्हणाले की पेन्शनीसाठी जोडीचा फोटो मागितला आहे. नवरा-बायकोचा, शेजारी शेजारी बसून काढलेला.

चुलीवर भात होता, तो उतू गेला. कागदावर शंकरच्या नावापुढे बायको म्हणून सोनाबाई लिहिलेलं होतं. म्हणजे फोटोत आबांच्या शेजारी थोरल्या आईने बसायचं होतं. आमच्याकडे थोरली भावजय ही आईच्या जागी. आबा तिच्यासमोर कधी खाटेवर बसत नसत, विडी ओढताना दिसू नये म्हणून परसात जात. आणि आता तिनं त्यांची बायको म्हणून बसायचं, साहेबाच्या टेबलावर ते चित्र कायमचं राहायचं. नाही बसली तर आबा सापडणार. बेड्यांचं बोलणं इतकी वर्षं आमच्या घरात मुरलं होतं की पेन्शन गेली तर जाऊ दे, असं म्हणायलाही कुणी धजत नव्हतं. पेन्शन नको म्हटलं तर विचारतील, का नको. मग सगळंच निघेल. आबा तुरुंगात, आई आणि थोरली दोघी साक्षीला, आणि आळीतल्या लोकांना आमच्यामुळे तालुक्याला खेटे, असं मी रात्रंदिवस डोळ्यांसमोर आणत असे. मला अन्न गोड लागेना.

शेवटी आईनेच ठरवलं. ती म्हणाली, बाई, एकदा बसा, एका क्षणाचं काम. थोरली आई मान खाली घालून ‘बरं’ म्हणाली. मला भोर माहीत होतं म्हणून मलाही बरोबर घेतलं.

आम्ही चौघं सकाळच्या एसटीने निघालो, नसरापूरला गाडी बदलली. आबांनी इस्त्रीची टोपी घातली होती आणि ते वाटभर ती काढून पुन्हा घालत होते. भोरच्या बाजारपेठेत एक फोटोवाला होता. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पडद्यावर बाग रंगवलेली होती, कारंजं, मोर, सगळा थाट. पडद्यापुढे दोन खुर्च्या. बाजूला आरशापाशी आईने थोरलीला उभं केलं. तिने घरून करंडा आणि मेण आणलं होतं. या वेळी घाई नव्हती. आईने तिच्या कपाळाला नीट मेण लावलं, वर कुंकू रेखलं, आणि मग स्वतःचं मंगळसूत्र काढून थोरल्या आईच्या गळ्यात घातलं. काळी पोत फोटोत खोटी दिसेल म्हणून. आईने स्वतःच्या मोकळ्या गळ्यावर पदर गुंडाळून घेतला. माझ्या आईचा मोकळा गळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दोघं खुर्च्यांवर बसली. फोटोवाला तरणा, बोलका माणूस होता. त्याने दिव्याची छत्री वळवली, कॅमेऱ्यामागे गेला आणि म्हणाला, “काकी, जरा काकांकडं सरका. जोडीचा फोटो हाय, भांडल्यावानी काय बसलाय?” थोरली आई जरा सरकली. तिचा खांदा आबांच्या खांद्याला लागला. आबा दचकून उलट बाजूला झुकले. फोटोवाला हसला, पुन्हा सरळ बसा म्हणाला. मी दारापाशी उभी होते. काढ बाबा लवकर, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

आणि थोरली आई उठून उभी राहिली.

“भावजी, म्या न्हाई बसायची,” ती म्हणाली.

मोठ्याने नाही, पण त्या लहान खोलीत ऐकू न जाण्यासारखंही नाही. भावजी म्हणजे दीर. महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला तेवढ्या एका हाकेवरून सगळं कळावं. फोटोवाल्याचं हसू ओठांवरच राहिलं. आई पुढे झाली, ‘बाई, बाई’ म्हणत तिने तिचा हात धरला. थोरल्या आईने तो सोडवून घेतला आणि माझ्या आईकडे बघत ती बोलली. “जीपपुढं म्या माझ्या मालकाच्या नावाचं कुंकू लावत हुते. त्ये खोटं असलं तरी त्यांचंच हुतं. ह्ये कुणाच्या नावाचं लावू, तूच सांग.”

थोरलीने मंगळसूत्र काढून आईच्या हातात ठेवलं आणि आरशासमोर उभं राहून पदराने कपाळ पुसलं. मेणावरचं कुंकू लवकर पुसलं जात नाही. ती घासत राहिली, कपाळ लाल होऊन पसरलं. फोटोवाला दिवा बंद करायला वळला. आबांनी टोपी काढून हातात धरली होती, आणि ते अजून त्या खुर्चीवरच बसले होते.

परतीच्या एसटीत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. फोटोवाल्याकडे सगळं भोर फोटो काढायला येतं, सरकारी कचेरीतली माणसंसुद्धा. तो आज बोलेल की उद्या, एवढाच प्रश्न होता. घरी येऊन आई चुलीपाशी बसली आणि पेटवायची विसरली. पुढचे काही दिवस आबा रस्त्यावर जात, पण रस्त्याच्या कडेला गवतात बसून राहत. एसटीतून येता-जाता मला ते दिसत. जीप आली की उभे राहत, जीप गेली की पुन्हा बसत. मी मनातल्या मनात थोरल्या आईवर चिडले होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. भीतीने माणूस आपल्याच माणसावर चिडतो. माझ्याकडे कामावरून काढलेली माणसं येतात तेव्हा ती कंपनीवर नाही, बायकोवर खेकसत असतात. मी त्यांना आधी पाणी देते. (तो फोटोवाला कधी कुणाजवळ एक शब्द बोलला नाही. पुढे वकिलीच्या सनदेसाठी माझा फोटो त्यानेच काढला आणि पैसे घेतले नाहीत. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक?)

कॉलेजच्या वाटेवर एक वकील बसत. त्यांना सगळे अण्णा बालिष्टर म्हणत. ते काही विलायतेला गेलेले बॅरिस्टर नव्हते. भाजी आणायलासुद्धा काळा कोट घालून जात म्हणून गावाने ठेवलेलं ते नाव. त्यांच्या दाराशी नेहमी निवृत्त मास्तर, गिरणीतून काढलेली माणसं, दवाखान्यातल्या आया अशी गर्दी असे, नोकरी आणि पेन्शनीच्या कज्ज्यांसाठी. मी रोज त्यांच्या पाटीकडे बघायची आणि पाय उचलून पुढे जायची. घरात एकदा मी त्यांचं नाव काढलं तर आबा म्हणाले, वकिलाला सांगणं म्हणजे चावडीवर दवंडी पिटणं.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर थोरली आई एसटीच्या थांब्यावर आधीच येऊन उभी होती. पांढरं कपाळ, मोकळा गळा, अंगावर धुतलेलं लुगडं. “तुझ्या त्या बालिष्टराकडं घिऊन चल,” ती म्हणाली. मी म्हटलं, आबांना विचारलं का? तिने मान हलवली. “भावजी न्हाईच म्हणणार. आन् मला धरायचं आसल तर हितं घरात येऊन धरण्यापरीस तितं धरू दे. पोरांफुडं नगं.” ती पकडून घ्यायलाच निघाली होती. वकील म्हणजे फौजदाराचाच भाऊबंद, असंच तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. वाटभर तिने माझा हात सोडला नाही.

अण्णांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मी सांगत होते. आबांचं नाव घेताना मी थांबले, मग घेतलं. थोरली आई जमिनीकडे बघत होती. माझं झाल्यावर अण्णांनी मला काहीच विचारलं नाही. ते तिच्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, तुमचे यजमान वारले तेव्हा ते नोकरीत कायम होते का?

“व्हय,” ती म्हणाली. “बिल्ला व्हता त्यांना.”

अण्णांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हे फौजदाराला बोलावतात. मग ते सावकाश बोलले. नोकरीत असताना कायम माणूस वारला, तर त्याच्या बायकोला पेन्शन मिळते. तुम्हाला ती यजमान गेले तेव्हापासूनच मिळाली असती. ते वारले, एवढंच फक्त कळवायचं होतं. तुमच्या दिरांनाही त्या जागी रीतसर घ्या म्हणून अर्ज करता आला असता. मिळालीच असती असं नाही, पण लोकांना अशा जागा मिळाल्या आहेत.

थोरली आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला नीट कळावं म्हणून तिने ते आपल्या शब्दांत उलगडून पाहिलं. “म्हंजे ते मेले असं म्हणलं असतं, तर मला मिळालं असतं?”

“हो.”

“आन् मेले न्हाईत म्हणलं, म्हणून न्हाई मिळालं?”

“हो, बाई.”

“मंग एवढी वर्सं आमी भ्यालो त्ये कशाला?”

अण्णांनी बायकोला हाक मारून चहा सांगितला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळं कोर्टात घडलं आणि कोर्टातलं काही थोडक्यात घडत नाही. थोरल्या आईचं ऐकून आबांनी स्वतः साहेबाकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांना कामावरून कमी केलं, चौकशी बसली, पण बेड्या कुणी आणल्या नाहीत. अण्णा म्हणाले, नाव भावाचं असेल, पण खडी तर यांनीच पसरली ना, हे भांडता येतं. ते भांडत असतानाच मी कायद्याला नाव घातलं, त्यांच्याच हाताखाली उमेदवारी केली, आणि अण्णा थकले तेव्हा आबांच्या खटल्यात मी उभी राहिले. आबांना थोडंफार मिळालं, उशिरा मिळालं, पण बबन या नावाने मिळालं. थोरल्या आईची पेन्शन त्यामानाने लवकर सुरू झाली, कारण तिच्या बाबतीत खरं सोपं होतं. विंझरला अजूनही मला बालिष्टरीण म्हणतात. मी आयुष्यभर पेन्शन आणि नोकरीचे खटले लढले. माणूस दारात येऊन उभा राहिला, की तो कशाला भितो आहे हे मी आधी विचारते, कायदा मग. निम्म्या वेळा ज्याला तो भीत असतो तिथे काही नसतंच.

पण मला सांगायचं आहे ते अण्णांकडून परतलो त्या दिवसाचं. नसरापूरला एसटी बदलून आम्ही विंझरला उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. थोरली आई रस्त्याकडेच्या दगडावर जरा टेकू म्हणाली, म्हणून आम्ही बसलो. तो तुकडा आबांचा, त्याआधी तात्यांचा. खडीवरून हात फिरवत ती बसली होती आणि वळणावर जीप गुरगुरली.

मी उठलेसुद्धा. थोरल्या आईचं उजवं बोट आपोआप कपाळाकडे गेलं, दोन भुवयांमध्ये टेकलं, आणि तिथेच थांबलं. जीप जवळ आली. आत खरंच कुणी साहेब बसला होता, त्याने आमच्याकडे पाहिलं. तिने हात खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि तसंच पांढरं कपाळ वर करून त्याच्याकडे पाहिलं. जीप धूळ उडवत निघून गेली.

“बस की गं,” ती मला म्हणाली. “जीपच ती.”